साडूंनी पास केलेला सिंह

परमेश्वराने ही सृष्टी निर्माण केली तेव्हा तपासणीच्या टेबलावर माझे साडू बसलेले असते, तर आज आपण कोणीच नसतो. सूर्य, चंद्र, समुद्र, माणूस हे सगळं रिजेक्टच्या लाल पेटीत जाऊन पडलं असतं आणि देव बिचारा अजून रिवर्क करत बसला असता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आकुर्डीच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि नाक मुरडून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. बाकीची माणसं भोंगा झाला की काम कारखान्यात ठेवून घरी येतात. हे गृहस्थ काम खिशात घालून घरी येत. शर्टाच्या खिशात जिथे आम्ही पेन लावतो तिथे त्यांचा जाडी मोजायचा सरकता व्हर्नियर असे, आणि पँटच्या खिशात फीलर गेज, म्हणजे कागदाहून पातळ अशा पोलादी पट्ट्यांचा जुडगा. आमच्याकडे चहाला आले की कपबशी उचलायच्या आधी ते टेबल हलवून बघत. टेबल हले. मग चहा निवेपर्यंत टेबलाच्या पायाखाली घडी घालायला कागद शोधत आणि तो सापडेपर्यंत माझ्या संसारावर भाष्य करत.

पास हा शब्द त्यांच्या तोंडून कारखान्याबाहेर कोणी ऐकलेला नव्हता. रिजेक्ट, रिवर्क आणि फारच उदार झाले तर होल्डवर ठेवा, एवढ्यावर त्यांचा प्रपंच चाले. अक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, बघायला ते आळंदीला गेले होते तेव्हा पोह्यांतली मोहरी तडतडलेली नाही असं त्यांनी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं. मुलगी कशी वाटली असं विचारल्यावर म्हणाले, "सध्या होल्डवर ठेवा." सासऱ्यांचा जीव कित्येक दिवस टांगणीला लागला. मग एका सकाळी हे आपणहून सायकलवर आळंदीला आले आणि मुहूर्ताचं काय म्हणून विचारू लागले. लग्न झालं, संसार झाला, पण होकाराचा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. अक्का हसून म्हणायची की मी अजून होल्डवरच आहे.

तिच्या स्वयंपाकाचं तर विचारू नका. आमटीत मीठ कमी, पोळीची कड जाड, लोणच्याच्या फोडी एकसारख्या नाहीत. माझी बायको बहिणीची बाजू घेऊन चिडायची. अक्का मात्र शांतपणे मिठाची बरणी पुढे सरकवायची. नवरा जेवणाला नावं ठेवतोय याचा अर्थ तो जेवतोय, असा तिचा सरळ हिशेब होता.

माझ्यावर त्यांचा विशेष राग. मी चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवतो, आणि दोन-चार मार्कांनी काठावर अडकलेल्या पोराला ग्रेस देऊन वर ढकलतो, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे लाचखोर माणसाकडे बघावं तसं पाहिलं. तुमच्या ग्रेसवर पास झालेली पोरंच पुढे आमच्याकडे येऊन लेथवर स्क्रॅप काढतात, असं ते चारचौघांत बोलून दाखवत. त्यांच्या कारखान्यातही ग्रेससारखी एक सोय होती. माल थोडा मापाबाहेर असला आणि वरून घाई असली, की साहेब कागदावर सही करत आणि तो माल पुढे जाई. त्याला म्हणत डेव्हिएशनखाली पास. हा शब्द साडू शिवीसारखा वापरत. महिनाअखेरीला मोठे साहेब स्वतः येऊन समोर उभे राहत, गोड बोलत, दम देत. साडूंचं उत्तर ठरलेलं. तुम्हाला हवं तर तुम्ही करा सही, खोट्या मापाला माझा हात लागायचा नाही. त्यामुळे त्यांच्यामागून आलेले लोक साहेब झाले आणि साडू टेबलावरच राहिले. याचं दुःख त्यांना होतं की नव्हतं, कोण जाणे. व्हर्नियरमध्ये दुःख मोजायची सोय नाही.

असा हा माणूस एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा दिसला आणि म्हणाला की दिवाळीच्या सुट्टीत गुजरातला जायचं, अहमदाबाद, मोढेरा, रण, नळ सरोवर, शेवटी गीरचं जंगल. चाकणची एक बस ठरवलीय, कारखान्यातल्या शॉपमधली मंडळी आहेत, तुम्ही दोघं चला. मी चाटच पडलो. हे गृहस्थ एरवी पुण्याला जायचं म्हटलं तरी लोकलची वेळ चुकते म्हणून तिला नावं ठेवत घरी बसणारे. कारण मला घरी गेल्यावर कळलं. अक्काला काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही आणि राहिलेलीही फार दिवस राहायची नाही. कडेकडेने अंधार येत चालला होता. पुंगळीतून बघावं तसं तिला समोरचं तेवढं दिसे, आणि ती पुंगळी दिवसेंदिवस अरुंद होत होती. हे सांगताना माझी बायको ओट्याशी उभी राहून रडली.

डोळे जायच्या आत काय बघायचंय असं साडूंनी तिला विचारलं होतं. काशी नाही, रामेश्वर नाही, अक्का म्हणाली, सिंह. लहानपणी पुण्यात सर्कस आली होती. तिची जाहिरात आळंदीच्या घाटाजवळच्या भिंतीवर लागली होती. तिच्यात भल्यामोठ्या पिवळ्याधमक आयाळीचा सिंह होता. अक्का शाळेत जाता-येता रोज त्याच्यासमोर उभी राहायची. हट्ट करकरून तिने वडिलांना सर्कशीला नेलं, आणि नेमका त्या दिवशी सिंह आजारी. पडद्यामागून त्याचं गुरगुरणं तेवढं ऐकू आलं. ते तिच्या मनात राहून गेलं होतं. हे ऐकलं आणि साडू म्हणे तसेच उठले आणि बस ठरवायला चाकणला गेले.

त्या सहलीत आम्ही सगळ्यांनी त्यांच्यापुढे हात टेकले. बसच्या ड्रायव्हरपासूनच सुरुवात. बाबूराव हा चाकणचा जुना माणूस, तोंडात कायम तंबाखूचा बार. साडूंनी त्याच्या चाकांचे नट एकेक करून तपासले आणि निम्मे पुन्हा आवळायला लावले. अहमदाबादला ते प्रसिद्ध हलते मनोरे आहेत. एका मनोऱ्याच्या माथ्यावर जाऊन तो हलवला की दुसरा आपोआप थरथरतो. माणसं आ वासून बघत होती. साडू वर गेले, हलवून पाहिलं, खाली आले, आणि गाईडला म्हणाले की दोन्हीला प्ले आहे, हे बेअरिंग ढिलं असल्याचं लक्षण आहे, इतकी वर्षं कोणी कळवलं कसं नाही. त्या बिचाऱ्याने हे कौतुक समजून त्यांना सलाम केला. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरात त्यांनी दोन दगडांच्या फटीत फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी घालून पाहिली. ती जाईना. इकडून जाईना, तिकडून जाईना. साडूंनी त्या खांबावरून दोनदा हात फिरवला, आणि मला वाटलं की आज हा माणूस पास म्हणणार. पण ते वळून म्हणाले, "ड्रॉइंग दाखवा म्हणावं. ड्रॉइंगशिवाय पास कसं करणार?" कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मी काय करणार होतो. रणातली रानगाढवं बघून ते म्हणाले की यात आकुर्डीत नाही असं काय आहे. नळ सरोवराच्या उथळ पाण्यात गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे होते. एवढ्या मोठ्या धडाला एवढासा आधार पुरणार नाही, असं मत त्यांनी दिलं.

हसत होतो आम्ही, पण ते हसू खरं नव्हतं. कारण प्रत्येक ठिकाणी हा सगळा निकाल देऊन झाला की ते अक्काजवळ जात आणि हळूच तिची तपासणी सुरू करत. ते कळस किती दिसतात? त्या बाईच्या साडीचा रंग कोणता? पक्षी डावीकडे आहेत की उजवीकडे? अक्का मान इकडून तिकडे फिरवत शोधायची आणि उत्तर द्यायची. ते बरोबर आलं की ते खिशातला व्हर्नियर उगाच उघडून मिटत. चुकलं की दुसरा प्रश्न. सरोवरावर तिला पक्षी सापडेनात. पाणी दिसतंय, पाणी छान आहे, असं ती म्हणत राहिली. तिथून पुढे बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत.

एकदा तर फारच झालं. बस चहाला थांबली होती. समोर एका दुकानावर मोठी पाटी होती. साडूंनी अक्काला ती वाचायला सांगितली. अक्काने मान फिरवून पाटी शोधली, डोळे बारीक केले, मोठे केले, आणि म्हणाली की अक्षरं आहेत एवढं कळतंय, वाचता मात्र येत नाहीत. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. ते तिथेच बसच्या पायरीवर बसले आणि त्यांनी तोंड हातांत झाकून घेतलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखत होतो, पण त्यांची मान खाली गेलेली प्रथमच पाहत होतो. बाबूराव पलीकडे तंबाखू मळत उभा होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "दादा, पाटी गुजराथीत हाय ती. मला बी वाचता येत न्हाई, आन् माजे डोळे तर चांगले हायेत." साडूंनी वर पाहिलं. पाटीवरच्या अक्षरांना डोक्यावर रेघ नव्हती. ते उठले, कपडे झटकले आणि म्हणाले की बिनरेघेचं अक्षर, रिजेक्ट. अक्का खळखळून हसली. आम्हीही हसलो, आणि माझ्या बायकोने हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

गीरला आम्ही उशिरा पोचलो. वाटेत ब्रेकचं काम निघालं होतं, आणि मेकॅनिकने केलेलं काम साडूंनी पुन्हा करायला लावलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी एकच फेरी मिळाली, आणि तिच्यात हरणं दिसली, मोर दिसले, सिंह काही दिसला नाही. साडू पुन्हापुन्हा बसखाली वाकून ब्रेक बघून येत होते. त्यांनी ज्या ब्रेकसाठी हट्ट धरला होता त्याच ब्रेकने सिंह घालवला, हे त्यांच्या मनात घोळत होतं, हे कोणालाही कळावं. दुसऱ्या दिवशी सकाळची एक फेरी, मग परतीचा रस्ता. त्यानंतर अक्काला पुन्हा इथे आणून उपयोग नव्हता, आणि हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सकाळी उघड्या गाडीतून निघालो. सागाची पानगळ सुरू झालेली, खाली गुडघाभर वाळलेलं पिवळं गवत. अक्का पुढच्या बाकावर, तिच्या मागे साडू, त्यांच्या शेजारी आम्ही. बराच वेळ काही नाही. मी मनातल्या मनात आळंदीच्या माउलींना सांगत होतो की आयुष्यात एवढं एक द्या. आणि वाटाड्याने गाडी थांबवली, ओठांवर बोट ठेवलं आणि उजवीकडच्या बोरीच्या झाडाकडे हात केला. सगळे कुजबुजले, सिंह, सिंह. सावलीत, गवताच्याच रंगाची, एक सिंहीण बसली होती. आयाळ नाही, काही नाही. मोठ्या डौलाने बसली होती आणि आमच्याकडे बघत होती.

अक्का मान फिरवत होती. झाडावरून गवतावर, गवतावरून आभाळावर, पुन्हा दुसऱ्याच झाडावर. साडूंनी मागून दोन्ही हातांनी तिची कानशिलं धरली आणि मशीनवर नग सेट करावा तसा तिचा चेहरा वळवू लागले. थोडं उजवीकडे. जरा खाली. अगं, खाली. अजून एक केसभर.  सिंहीण उठली. अंग ताणलं, शेपूट हलवली, आणि गवतात शिरून दिसेनाशी झाली. अक्काचा चेहरा तोवर झाडाच्या डाव्या अंगाला, मोकळ्या गवताकडे होता.

 साडूंनी हात काढले नाहीत. त्यांनी विचारलं, "दिसला?"

"दिसला," अक्का म्हणाली.

तपासनीसच तो. त्याने विचारायचं ते विचारलं. "कसा होता?"

"केवढी आयाळ होती हो," अक्का म्हणाली. "पिवळीधमक. अगदी घाटावरच्या भिंतीवर होती तशी."

माझ्या बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे किती दिवस वळ राहिला. गाडीतला प्रत्येक जण साडूंकडे बघत होता. हा माणूस मोठ्या साहेबांना भ्यायला नव्हता. त्याने सासऱ्यांच्या पोह्यांना सोडलं नव्हतं, हजार वर्षांच्या देवळाला सोडलं नव्हतं. साडूंनी बोरीच्या झाडाकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, जणू सांगत होते की कोणाला काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आयाळ चांगली भरदार होती. पास."

परतीच्या वाटेवर बस नाशिकजवळ थांबली असताना ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं की मास्तर, तुम्ही ते ग्रेस देता तेव्हा हात थरथरतो का हो. मी म्हटलं, पहिल्यांदा थरथरतो. त्यांनी मान हलवली, आणि पुढे माझ्या ग्रेसबद्दल ते चारचौघांत कधी बोलले नाहीत.

अक्काची नजर त्यानंतर वर्षभरही टिकली नाही. आता ती पूर्ण अंधारात आहे. साडू रिटायर झाले आहेत, घरात भांड्यांच्या जागा त्यांनी मापाने ठरवून दिल्या आहेत, आणि कोणी वाटी बोटभर इकडची तिकडे ठेवली तर घर डोक्यावर घेतात. कॉलनीतली मुलं अक्काकडे सिंहाची गोष्ट ऐकायला येतात. साडू मागे खुर्चीत बसून आयाळीची लांबी सांगतात. ती दर वर्षी थोडी वाढते.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा साडू आत जेवत होते. अक्का बाहेर ओसरीवर बसली होती. पावलांवरून तिने मला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, आयाळ नव्हती ना?"

 तुम्हाला कोणी सांगितलं, मी विचारलं.

"त्यांनीच," ती म्हणाली. "त्यांचे हात माझ्या कानशिलांवर असे कापत होते, की नाही दिसला म्हणायचा मला धीर झाला नाही. म्हणून जो भिंतीवर पाहिला होता तोच सांगितला. वाटलं, चुकलं असेल तर हे रिजेक्ट म्हणतील, सोडायचे नाहीत. पण ते पास म्हणाले. तेव्हाच कळलं मला, माझे डोळे गेले."

 अक्काच पुढे म्हणाली की ते मनाला लावून घेतील म्हणून मी बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. सिंह राहू दे आहे तसा. एकदा झालं तेवढं पुरे, फक्त माझी आमटी त्यांनी कधी पास करू नये, एवढंच देवाजवळ मागते.

तेवढ्यात आतून साडूंचा आवाज आला. आमटीत मीठ कमी आहे, आणि फोडणीही जरा करपली आहे, रिवर्क.

"आले हो," अक्का म्हणाली. भिंतीला हात लावत ती उठली. तिचा चेहरा उजळला होता. दारातून आत जाऊन तिने फळीवरची मिठाची बरणी बरोबर तिच्या जागेवरून उचलली आणि त्यांच्या ताटाकडे नेली.